बंगल्याचं गॅरेज गच्च भरलंय, पावसाळ्याच्या आत गाडी आत लावायचीये, सुरुवात कुठून करू?

अंगणातली_जाई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

सहकारनगरला आमचा जुना बंगला आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेला, आणि एका बाजूला गॅरेज. पूर्वी त्यात फिएट असायची. ती विकली आणि मग घरात जे जे मावेना ते तिकडे जायला लागलं, आता शटरसुद्धा पूर्ण वर जात नाही कारण आतून लोखंडी कॉट तिरकी टेकवून ठेवलीये आणि तिच्या मागे नक्की काय काय आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

दिसतंय तेवढं सांगते. सासऱ्यांची हत्यारं (रंधे, पटाशा, पान्हे, मोठा शेगडा म्हणजे वस्तू पकडून धरायचा लोखंडी व्हाइस, त्यांना सुतारकामाची फार आवड होती), बंद पडलेली चेतक स्कूटर, बाथरूमच्या कामातल्या उरलेल्या टाइल्स, जुन्या सागवानी चौकटी, पाणी तापवायचा बंब, दोन ट्रंका, जुना डबडा टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, थर्माकोलचं मखर, किल्ल्यावरचे मावळे, मुलांच्या छोट्या सायकली, दिरांची इंजिनिअरिंगची पुस्तकं, नणंदेचं लग्नाआधीचं सामान. त्यात २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्री गॅरेजमध्येही पाणी शिरलं होतं, खालची खोकी भिजली ती तशीच सुकली आणि त्यांच्यावर नवीन खोकी आली.

आता इलेक्ट्रिक टियागो बुक केलीये, जूनच्या सुरुवातीला येईल, आणि चार्जिंग गॅरेजमध्येच करायचंय म्हणून घाई. पण खरी अडचण सामानाची नाही, सासूबाईंची आहे. म्हणजे तक्रार नाही हं माझी. सासरे जाऊन फार वर्षं झाली नाहीत, गॅरेज हीच त्यांची जागा होती, त्यामुळे काही हलवायचं म्हटलं की आई गप्प होतात आणि मग मला आणि नवऱ्याला पुढे बोलवत नाही. दीर बंगळूरला, नणंद बाणेरला, दोघं म्हणतात "तुम्हाला वाटेल ते करा" पण केल्यावर विचारणार की माझं अमुक कुठे गेलं. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा. रॅक कुठले घ्यायचे तेही सांगा.

पौडरोडवाला

जास्त विचार करत बसलात तर अजून दहा वर्षं तसंच राहील. जे वर्षभरात लागलं नाही ते परत लागत नाही. एक टेम्पो आणि दोन माणसं बोलवा, एका रविवारी सगळं अंगणात काढा, भंगारवाल्याला एकदाच बोलवून हिशोब करून टाका. आम्ही आमच्या सोसायटीतली स्टोअर रूम अशीच केली, संध्याकाळपर्यंत फरशी धुऊन मोकळे.

भोसरीचा_फिटर

वरच्या दादांचं घाईपुरतं बरोबर आहे पण वर्षभरात न लागलेलं टाका हा नियम हत्यारांना लावू नका. पाइप रेंच वर्षभर लागत नाही आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तोच लागतो. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलंय, चांगल्या जुन्या पोलादाचा रंधा किंवा पटाशी आज तशी मिळत नाही, वरचा गंज बघून भंगारात घालायची चूक होऊ देऊ नका. रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा. बहुतेक परत उभी राहतात. लाकडी मुठींना मात्र रॉकेल लावायचं नाही, त्या पुसून जवसाचं तेल लावा. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून सुकवायच्या आणि मग फेकायच्या.

आता सगळ्यात आधीचं काम, टेप घ्या आणि गॅरेज मोजा. सामान नंतर. जुनी फिएट साधारण पावणेपाच फूट रुंद असायची, टियागो साडेपाच फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे "पूर्वी गाडी राहायची म्हणजे आताही राहील" हे गृहीत धरू नका. राहील, पण दार उघडून माणूस बाहेर पडला पाहिजे ना. आतली रुंदी आणि लांबी कळवा, मग रॅकचं सांगतो. उगाच आधीच दीड फुटी रॅक दोन्ही भिंतींना मारून बसाल आणि गाडी आत गेली की ड्रायव्हर आतच.

कोथरूडची_मावशी

जाई, तू अगदी मर्मावर बोट ठेवलंस, अडचण माणसांची असते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी माळा आणि मागची पडवी असंच सगळं काढलं तेव्हा मी एक गोष्ट धरून ठेवली होती ती सांगते, सामान प्रकाराप्रमाणे लावायला जायचंच नाही, आधी माणसाप्रमाणे लावायचं. म्हणजे कपडे एकीकडे, पुस्तकं एकीकडे, इलेक्ट्रिकचं एकीकडे असं सगळे सांगतात, पण त्याने होतं काय की पुस्तकांच्या ढिगात चार जणांची पुस्तकं असतात आणि त्याचा निर्णय कोणालाच घेता येत नाही, मग ढीग परत आत. त्यापेक्षा अंगणात खडूने चौकोन आखा, आई, नवरा, दीर, नणंद, मुलं, आणि एक घराचं म्हणजे ज्याला मालक नाही असं. प्रत्येक वस्तू कोणाची एवढंच विचारायचं, ठेवायची की टाकायची हे त्या दिवशी विचारायचंच नाही. बघ किती पटापट होतं, कारण कोणाची हे सगळ्यांना माहीत असतं.

मग ज्याचा चौकोन त्याने ठरवायचं. दिरांना व्हिडिओ कॉल लाव, नणंदेला प्रत्यक्ष यायला सांग, बाणेर काही लांब नाही. "वाटेल ते करा" हे उत्तर घ्यायचं नाही, खोकी इथून तुमच्या घरी पाठवू की देऊन टाकू एवढंच विचार, आणि तारीख दे. ग्रुपवर लिहून ठेव म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. त्यांना खुर्ची देऊन अंगणात बसव, पण सामान त्यांच्यासमोर ढिगाने काढू नको, एक एक आण आणि हे काय आहे, कुठून आणलं ते विचार. त्यांना सांगायचं असतं गं. माझ्या सासूबाईंनी ज्या गोष्टींबद्दल सांगून झालं त्यातल्या निम्म्याहून जास्त स्वतःच "दे कोणाला तरी" म्हणाल्या, आणि ज्या नाही म्हणाल्या त्या मी स्वच्छ पुसून ठेवल्या, त्यावर परत विषय काढला नाही. आणि सासऱ्यांच्या वस्तू शेवटी घे. नवऱ्याला त्या वेळी तिथे थांबायला सांग, तू एकटी करू नकोस, ते त्याचे वडील आहेत.

अंगणातली_जाई

मावशी, चौकोनांची आयडिया फारच पटली, नवऱ्याला वाचून दाखवली. सासऱ्यांच्या वस्तू शेवटी घे म्हणालात ते मात्र आईंनी उलटं केलं, त्या म्हणाल्या की आधी ह्यांची हत्यारं नीट लावून द्या, मग बाकीचं काय ते करा, मी काही बोलणार नाही. म्हणजे त्यांना भीती ही होती की पसाऱ्याबरोबर तीही जातील. हे आम्हाला कधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

काका, मोजलं. रुंदी आतून ९ फूट, लांबी १६ फूट, उंची साडेनऊ. शटर समोरून. खालची फरशी शहाबादी आहे, मागच्या कोपऱ्यात भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या, वाळवी असणार.

चेतकचं काय करायचं? भंगारवाला गल्लीत आला होता, बघून लगेच भाव सांगायला लागला. आणि ट्रंकांमध्ये कागदच कागद आहेत, काही मोडीतले पण आहेत.

संगमपुलावरून

चेतक अशीच भंगारवाल्याला देऊ नका!! गाडीचं रजिस्ट्रेशन तुमच्या सासऱ्यांच्या नावावर जिवंत असेल आणि गाडी किंवा नुसता नंबर कुठे गैरवापरात सापडला तर पोलीस तुमच्याच दारात येणार. सरळ रस्ते दोन आहेत. ठेवायची असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या, पंधरा वर्षांवरची असल्याने फिटनेस तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर असं सगळं लागेल. नसेल ठेवायची तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, ते जोडून आरटीओत नोंदणी रद्द करायची. आरसी बुक आधी ट्रंकेत शोधा, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. मृत्यू दाखल्याची कॉपीपण लागेल.

तिसरं एक, बजाजची चेतक १९७२ पासून इथेच आकुर्डीला बनायची, त्यामुळे पुण्यात जुन्या चेतकवर जीव लावणारे मेकॅनिक आणि हौशी लोक भरपूर आहेत. इंजिन जॅम नसेल तर भंगारापेक्षा नक्की चांगली किंमत येईल, पण विकलीत तरी नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय गाडी दारातून हलू देऊ नका.

सदाशिवपेठी

ट्रंकांबद्दल लिहितो कारण हा भाग लोक सगळ्यात घाईत उरकतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. कागद रद्दीत घालायच्या आधी प्रत्येक फाइल उघडा. खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा, बंगल्याचा मंजूर नकाशा, भोगवटा पत्र हे सगळं घराच्या आत न्या, गॅरेजमध्ये ठेवायचंच नाही.

जुने शेअर सर्टिफिकेट सापडले तर हसण्यावारी नेऊ नका, १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर नुसते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत पण वारसा हक्काने नावावर करून डीमॅट करता येतात, आणि सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नसेल तर ते आयईपीएफ नावाच्या सरकारी फंडात जातात, तिथूनही अर्ज करून परत मिळवता येतात. कंपनीचं नाव बदललेलं असेल, बंद वाटेल, तरी शोधा. जुनी किसान विकास पत्रं, एलआयसीच्या पॉलिसी, बँकेच्या ठेवीच्या पावत्या यांचंही तेच.

मोडीतले कागद ओले झाले असतील तर उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली टीपकागदावर सुटे करा, चिकटलेले ओढून काढू नका. फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आपल्या सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, तिथे जाऊन विचारा. बहुतेक घरगुती हिशोब निघतात, पण शेतीच्या वाटण्या किंवा इनामाचे कागदही निघतात. कसर लागलेली खोकी चांगल्या कागदांपासून आधी लांब करा.

मासिकांचा ढीग असेल तर किशोरचे जुने अंक बालभारतीने साइटवर फुकट ठेवलेत, वाचण्यासाठी म्हणून साठवायची गरज नाही. दिरांची इंजिनिअरिंगची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा, सिलॅबस बदललेला असेल तर घेणार नाहीत, मग रद्दी.

आणि बंब! बंब बहुतेक तांब्याचा असतो, तोटी पितळेची, आणि तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच जास्त. सगळं मिळून पितळेच्या भावात तोलून देऊ नका. मी तर म्हणेन विकूच नका, कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेऊन ठोके काढून, उजळून आणा आणि अंगणात ठेवा. अशी वस्तू परत घडवून घ्यायची झाली तर किती लागतात ते तिथेच विचारून बघा.

भोसरीचा_फिटर

९ बाय १६, ठीक आहे, होतंय. हिशोब बघा. ९ फुटातून गाडीचे साडेपाच गेले, साडेतीन उरले. ड्रायव्हरच्या बाजूला सव्वादोन फूट तरी मोकळे हवेत, म्हणजे डाव्या भिंतीला फक्त १५ इंच खोलीचा रॅक बसतो, उजव्या भिंतीला जमिनीवर काहीही नाही. आरसा मिटवायचा आणि बाकीच्यांनी गाडी आत घालायच्या आधी उतरायचं. लांबीत गाडी साडेबारा फुटांच्या आत आहे, म्हणजे मागे साडेतीन फूट मिळतात, तिथे दीड फुटी रॅक पूर्ण भिंतभर लावा, पुढे दोन फूट उभं राहायला. जड सगळं मागच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात टाइल्स. टाइल्स सगळ्या ठेवू नका, आताच्या बाथरूमच्या असतील तर दहा-बारा ठेवा, पुढे एखादी फुटली की तीच डिझाइन मिळत नाही.

रॅक स्लॉटेड अँगलचे (ओळीने भोकं असलेल्या लोखंडी अँगलचे) घ्या, नटबोल्टचे, १४ गेजचा अँगल आणि कप्पे १८ किंवा २० गेजचे. गेजचा आकडा मोठा तसा पत्रा पातळ, २२ गेजचा कप्पा स्वस्त पडतो पण हत्यारांच्या पेटीने वाकतो. प्लायवुडचं कपाट करू नका, तुमच्याकडे वाळवी आहे. बोहरी आळीत मिळतील, फास्टनर पण तिथूनच आणा, कारण रॅक भिंतीला फास्टनरने बांधायचाच, नुसता उभा ठेवायचा नाही. पायांना प्लॅस्टिकचे बूट घाला. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून दीड फूट वर घ्या आणि त्याच्या खाली फरशीवर काही म्हणजे काही ठेवू नका, पाणी आलं तर निघून जाईल, उंदीर दिसतील, झाडू फिरेल. पुठ्ठ्याची खोकी बंद. वाळवी आणि झुरळं दोघांना पुठ्ठा आवडतो. झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, आरपार दिसणारे.

हत्यारं उजव्या भिंतीला, आरशाच्या उंचीच्या वर, एक फळी ठोकून टांगा. टांगलेलं हत्यार दिसतं म्हणून परत जागेवर जातं. सागवानी चौकटीतलं लाकूड वाळवीने खाल्लेलं नसेल तर तीच फळी करा, विकत आणू नका. उरलेल्या चौकटींना भवानी पेठेत टिंबर मार्केटला गिऱ्हाईक मिळेल, जुन्या सागवानाला कायम मागणी असते.

वाळवीसाठी रॅक लावायच्या आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या, नुसत्या मातीच्या रेघा झाडून उपयोग नाही, त्या परत येतात.

टपकीर_गल्ली

इलेक्ट्रिशियन आहे म्हणून फक्त चार्जिंगचं बोलतो. जुन्या गॅरेजमध्ये एक बल्ब आणि एक पाच अँपिअरचा प्लग असतो, वायर तेव्हाचीच, त्यावर गाडी लावायची नाही. ३.३ किलोवॅटचा चार्जर म्हणजे १४-१५ अँपिअर आणि तेही सलग काही तास, गिझरसारखं दहा मिनिटांत बंद होत नाही, त्यामुळे सैल जोड तापून जळतात. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग मोजून घ्या, जुन्या बंगल्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. सात किलोवॅटचा चार्जर लावणार असाल तर वायर जाड लागेल आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवावा लागेल. सॉकेट चार फुटांवर लावा, तुमच्याकडे पाणी येऊन गेलंय. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही.

आणि हे काम रॅक लावायच्या आधी, मोकळ्या भिंतीवर. रंगाचे डबे, थिनर, पेट्रोलची बाटली हे त्या खोलीत राहता कामा नये, बाहेर हवेशीर जागी.

कोथरूडची_मावशी

टाकायच्या चौकोनाबद्दल. रोज कचरा न्यायला स्वच्छ संस्थेच्या ताई येतात ना, त्यांना आधी सांग. जुने कपडे, फर्निचर, बंद पडलेलं इलेक्ट्रिकचं सामान हे त्यांच्या व्ही-कलेक्ट नावाच्या जुनं सामान गोळा करायच्या उपक्रमात नेतात, आणि त्या बायकांच्या संस्थेला त्यातून चार पैसे मिळतात. डबडा टीव्ही फोडू देऊ नको कोणाला, त्या काचेत शिसं असतं, ई-कचऱ्यातच दे अख्खा. बॅटरी नवीन घेताना दुकानदार बदल्यात घेतो, तिथेच दे. थर्माकोलच्या मखरावर तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे, ते परत लागणार नाही. लहान सायकली कामवाल्या ताईंच्या मुलांना किंवा वॉचमनच्या पोरांना दे, पंक्चर काढून, तेलपाणी करून दे बरं का, मोडकी देऊ नये.

जुन्या बाजारात मंगळवार पेठेत बुधवारी, रविवारी लोक काय वाट्टेल ते घेतात, पण स्वतः नेऊन बसायला वेळ असेल तरच.

पायात बूट, हातात जाड मोजे घालूनच आत जा. चौकटींच्या खाली आणि खोक्यांच्या मागे विंचू असतात, उंदरांची घाण असेल तर आधी फिनेल मारून ओलं कर आणि मग उचल, कोरडं झाडू नको.

पौडरोडवाला

ताई, टेम्पोचं माझं म्हणणं मागे घेत नाही पण तो शेवटच्या दिवशी बोलवा, चौकोन झाल्यावर. आणि पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो पण वळवाच्या सरी मेमध्येच येतात, त्यामुळे अंगणात काढलेल्या सामानावर टाकायला मोठी ताडपत्री आधी आणून ठेवा.

अंगणातली_जाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी बुक मिळालं, दुसऱ्या ट्रंकेत होतं. नणंद शनिवारी येतीये, दिरांनी रविवार सकाळ दिलीये. चेतक ठेवायची असं नवऱ्याने ठरवलं, ती पोर्चमध्ये कव्हर घालून राहील. पेस्ट कंट्रोल आणि वायरिंग पुढच्या आठवड्यात, मग रॅक.

काका, एक शेवटचं. आई म्हणतायत शेगडा पण टांगू नका, तो बसवा, नातवाला वापरायला शिकवायचंय. मागच्या रॅकवर बसेल का?

भोसरीचा_फिटर

रॅकवर नको, करवत चालवली की सगळा रॅक हलणार. मागच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात रॅक दोन फूट कमी करा आणि तिथे भिंतीत दोन जाड अँगलचे ब्रॅकेट मारून त्यावर चौकटीचं सागवान, निदान दोन इंच जाड. शेगड्याला खाली जेवढी भोकं असतील तेवढे बोल्ट आरपार घाला, स्क्रू नाही, आणि खालून मोठा वॉशर. उंची नातवाच्या नाही, मोठ्या माणसाच्या कोपराएवढी ठेवा, त्याला सध्या पाट द्या उभं राहायला. शेगड्याचा स्क्रू आधी साफ करून ग्रीस भरा, जबडे पूर्ण उघडतात का बघा आणि मगच बसवा.